घटस्फोटातला विलंब : कायद्याचा, कोर्टाचा आणि माणसांचा

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २१ ब मध्ये एक मुदत लिहून ठेवलेली आहे. जाबदाराला नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, सुनावणी शक्यतो रोजच्या रोज चालवावी आणि अपील झाले तर ते तीन महिन्यांत संपवावे. हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. त्याला पन्नास वर्षे होत आली, पण दोन्ही बाजू लढत असलेला घटस्फोटाचा दावा सहा महिन्यांत संपला असे उदाहरण आजही शोधावे लागते. कलमातच पळवाट आहे. 'शक्यतो' आणि 'प्रयत्न करावा' या शब्दांमुळे मुदत उलटली तरी त्याबद्दल कोणालाही जाब द्यावा लागत नाही.

विलंबाबद्दल बोलताना सगळा दोष 'कोर्टकचेरी'च्या माथी मारण्याची रीत आहे, पण हा विलंब एका जातीचा नाही. काही वाट कायद्यानेच बघायला लावलेली असते, काही कोर्टाच्या कामकाजातून येते आणि बरीचशी पती-पत्नींपैकी कोणीतरी, वकिलाच्या सल्ल्याने किंवा त्याविनाही, जाणूनबुजून निर्माण करते. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारच्या विलंबावर तिसऱ्याचा उपाय केला तर वेळ आणि पैसा दोन्ही फुकट जातात.

कोर्टातली ही वाट फार जुनी नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड किंवा फारकत जातपंचायतीसमोर एका बैठकीत होत असे, आणि अशा रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला १९५५ च्या कायद्याच्या कलम २९ ने आजही हात लावलेला नाही. उच्चवर्णीय हिंदूंना मात्र घटस्फोटाचा मार्गच नव्हता. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये तसा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये. पंचायतीची काडीमोड झटपट होई हे खरे, पण बाईच्या पोटगीचे आणि मुलांचे काय, हा प्रश्नही ती तितक्याच झटपट निकाली काढत असे. त्यामुळे आजच्या दिरंगाईला कंटाळून जुन्या वेगाचे गोडवे गाण्यात फारसा अर्थ नाही.

कायद्याने घातलेल्या वाटेपासून सुरुवात करावी लागते. लग्नाला एक वर्ष होईपर्यंत घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही (कलम १४). असह्य त्रास किंवा टोकाची विकृती असेल तरच कोर्ट अपवाद करते. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे कलम १३ ब खाली, दोघे किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. त्यानंतर संयुक्त अर्ज होतो, आणि अर्जापासून सहा महिने उलटल्यावर पण अठरा महिन्यांच्या आत दोघांना पुन्हा कोर्टासमोर येऊन संमती कायम असल्याचे सांगावे लागते. मधले सहा महिने विचाराला दिलेले आहेत. रागाच्या भरात घेतलेला निर्णय थंड डोक्याने पुन्हा पाहिला जावा, हा त्यामागचा हेतू.

हा हेतू सगळ्यांना लागू पडत नाही. दहा वर्षे वेगळे राहिलेल्या जोडप्याला आणखी सहा महिने विचार करायला सांगणे म्हणजे निव्वळ उपचार. १२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या प्रकरणात ही सहा महिन्यांची अट बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असे ठरवले. त्या प्रकरणातले पती-पत्नी २००८ पासून वेगळे राहत होते. अट माफ करण्यासाठी न्यायालयाने काही गोष्टी पाहायला सांगितल्या. वर्षभराचा विभक्तपणा आणि त्यावर आणखी सहा महिने अर्जाआधीच पूर्ण झालेले असावेत. समेटाचे सगळे प्रयत्न थकलेले असावेत. पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर देणीघेणी खरोखर मिटलेली असावीत. आणि आणखी थांबण्याने फक्त यातना वाढणार असाव्यात. पहिल्या हजेरीनंतर आठवडाभराने माफीचा अर्ज देता येतो. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने हे निकष उदाहरणादाखल आहेत, कुलूपबंद यादी नव्हे, असेही स्पष्ट केले.

व्यवहारात अडते ते तिसऱ्या गोष्टीवर. मार्च २०२५ मध्ये एका भारतीय क्रिकेटपटूच्या प्रकरणात हे ठळकपणे दिसले. ठरलेल्या रकमेपैकी निम्मीच दिली गेली आहे, म्हणून वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाने सहा महिने माफ करायला नकार दिला. उरलेली रक्कम हुकूमनाम्यानंतरच द्यायची, असे करारातच लिहिले होते. तेव्हा कराराचे पालन झालेच आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने धरले, अट माफ केली आणि खेळाडूच्या पुढच्या सामन्यांचे वेळापत्रक पाहून दुसऱ्याच दिवशी निर्णय द्यायला सांगितले. या घटनेतून सामान्य माणसाने घेण्यासारखे एवढेच : संमतीपत्रात पैसे कधी, किती हप्त्यांत आणि कोणत्या टप्प्यावर द्यायचे हे तारखेनिशी लिहिलेले असले, तर सहा महिने वाचण्याची शक्यता वाढते. 'उभयतांत ठरल्याप्रमाणे' अशी मोघम ओळ लिहिली की अर्ज तिथेच अडकतो.

संमतीच्या मार्गावर आणखी एक खड्डा आहे. १९९१ पासून सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे असे की, हुकूमनामा होईपर्यंत कोणालाही संमती मागे घेता येते. म्हणजे दुसऱ्या हजेरीच्या दिवशी एकजण आलाच नाही, तर सगळे पुन्हा शून्यावर. म्हणून जाणते वकील तडजोड नुसत्या कागदावर ठेवत नाहीत; मध्यस्थी केंद्रात किंवा न्यायाधीशांसमोर तिची नोंद करून घेतात, कोर्टाला हमी लिहून देतात आणि पैशाचे हप्ते दोन्ही हजेऱ्यांना बांधून ठेवतात. कोर्टाला दिलेली हमी मोडली तर अवमानाची कारवाई होऊ शकते. तरीही घटस्फोट कोणावर लादता येत नाही. संमती संमतीच असावी लागते, एवढी किंमत या मार्गाला मोजावीच लागते.

संमती नसलेल्या दाव्याची चाल निराळीच असते. मुंबई-पुण्याच्या कुटुंब न्यायालयांत घटस्फोटाच्या एकतर्फी अर्जाला 'ए पिटिशन', संमतीच्या अर्जाला 'एफ पिटिशन' आणि पोटगीच्या अर्जाला 'ई पिटिशन' म्हणतात. कॉरिडॉरमध्ये दोन अनोळखी माणसांची ओळखही 'तुमची ए की एफ?' अशी होऊ शकते. एफवाल्यांच्या चेहऱ्यावर थोडी सुटका दिसते. एवाले जिन्याजवळच्या बाकावर पिशवीतून डबा काढून बसतात, कारण पुकारा केव्हा होईल ते सांगता येत नाही.

अशा एका ए पिटिशनचा रोजनामा, म्हणजे तारीखवार नोंद, पाहिला तर विलंब कुठे साचतो ते कळते. पहिल्या तारखेला नोंद असते, 'समन्स बजावणी न होता परत.' पत्ता अपुरा, घर बंद, 'सदर इसम येथे राहत नाही.' पुन्हा समन्स निघते. तिसऱ्या तारखेला जाबदार वकीलपत्र देतो आणि कैफियतीसाठी, म्हणजे लेखी जबाबासाठी, मुदत मागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेने त्यासाठी तीस दिवस दिले आहेत, फार तर नव्वद. पण ही मर्यादा न मोडणारी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितल्याने नव्वद दिवसांचे सहज सात-आठ महिने होतात. मग प्रकरण समुपदेशकाकडे जाते. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ९ नुसार आधी समेटाचा प्रयत्न करणे हे कोर्टाचे कर्तव्यच आहे. त्यानंतर पोटगीचा अर्ज, त्यावर 'से', म्हणजे समोरच्याचे लेखी म्हणणे, मग मुलाला भेटण्याचा अर्ज, त्यावरही 'से'. मुद्दे काढले जातात. सरतपासाचे प्रतिज्ञापत्र दाखल होते. आणि त्यानंतर येतो उलटतपास, जिथे दावे वर्षानुवर्षे मुक्काम करतात. एका तारखेला वकील आजारी, दुसऱ्या तारखेला जाबदार गैरहजर, तिसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर किंवा बदलीवर. मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नाताळची सुट्टी. बोर्डावर त्या दिवशी इतकी प्रकरणे असतात की बराचसा वेळ तारखा देण्यातच जातो.

दिवाणी संहितेच्या सतराव्या आदेशात एका पक्षाला संपूर्ण सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, असे म्हटले आहे. हा नियम कागदावर शाबूत आहे. पण तहकुबीचा अर्ज आला की समोरच्या वकिलाने लेखी हरकत घ्यावी, तहकुबीचा खर्च मागावा आणि आतापर्यंत किती तहकुब्या दिल्या गेल्या ते रोजनाम्याच्या नकलांनिशी दाखवावे, तरच कोर्ट त्याकडे वळते. हरकत न घेता दर वेळी मान डोलावणारा पक्षकार चार वर्षांनी विलंबाची तक्रार करतो, तेव्हा रोजनामा त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो.

समन्स टाळणाऱ्यावर उपाय तुलनेने सोपा आहे. दोन-तीन प्रयत्न फसल्यावर बदली बजावणीचा अर्ज करावा : घराच्या दारावर डकवणे, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडलीही, हे निळ्या खुणांवरून मान्य करणारा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका वसुली प्रकरणात दिला. जाबदार तरीही आला नाही तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. त्यात घाई मात्र अंगाशी येते. बजावणी नीट झाली नव्हती असे दाखवता आले, तर असा हुकूमनामा रद्द होतो, आणि तोवर दुसरे लग्न झालेले असले तर गुंता दुप्पट होतो. बजावणीवर आधी दोन महिने घालवलेले बरे. नंतर दोन वर्षे जातात.

खरी कोंडी होते ती एकाच लग्नातून फुटलेल्या चार-पाच खटल्यांमुळे. बायको माहेरी नाशिकला, नवरा पुण्याला. त्याचा घटस्फोटाचा अर्ज पुण्यात. तिचा पोटगीचा अर्ज नाशिकला, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे आणि छळाची फिर्याद, जी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ४९८ अ खाली असे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली येते. कधी नवऱ्याने बायकोला 'नांदायला यावे' म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा लावलेला असतो, तोही घटस्फोट नको म्हणून नव्हे तर पोटगी टाळता यावी म्हणून. यातला प्रत्येक खटला दुसऱ्याच्या तारखेला अडवतो. कायद्याने यावर काही दारे ठेवली आहेत. पत्नीला २००३ पासून ती राहते त्या ठिकाणी अर्ज करता येतो. दोन जिल्ह्यांत परस्परांविरुद्ध अर्ज असले तर ते एकत्र आणण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या दोन कोर्टांमधली बदली मुंबई उच्च न्यायालय करते. दोन राज्यांमधली बदली फक्त सर्वोच्च न्यायालय. बदलीच्या अर्जात पत्नीच्या प्रवासाच्या आणि मुलांच्या सोयीला सहसा झुकते माप मिळते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या काही मागण्या कुटुंब न्यायालयातच करता येतात (कलम २६). या सोयीचा वापर फार कमी होतो, कारण वेगवेगळ्या कोर्टांत खटले ठेवले की समोरच्यावर दडपण राहते.

इथे तिसऱ्या जातीचा विलंब येतो, आणि तोच सगळ्यांत दुर्लक्षित आहे. घटस्फोटाचे प्रकरण लांबवण्यात कोणाचा तरी फायदा असतो. ज्याला नवे लग्न करायचे आहे, त्याला घाई असते; ज्याला नाही, त्याच्या हातात वेळ हे हत्यार असते. कमावता नवरा पोटगी न देता खटला रखडवतो, म्हणजे बायको थकून कमी रकमेवर सही करते. कधी बायकोही उलटतपासाला येत नाही, म्हणजे एकरकमी आकडा वाढतो. प्रत्येक तहकुबी वाटाघाटीतला एक डाव असते. त्यामुळे 'कोर्ट लवकर निकाल देत नाही' या तक्रारीखाली बऱ्याचदा 'समोरचा माझ्या आकड्यावर येत नाही' एवढेच दडलेले असते.

या डावातली हवा काढायचा खरा मार्ग म्हणजे ज्या गोष्टींना थांबता येत नाही, त्या घटस्फोटाच्या निकालापासून सोडवणे. त्यात पोटगी पहिली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालचा अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच सांगतो. तरी तो अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत असे. ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल याच दुखण्यावर आहे, आणि प्रकरण नागपूरचे आहे. त्यात पत्नीचा अर्ज २०१३ चा होता. अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचून सुटायला सात वर्षे लागली. न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचे ठरावीक नमुन्यातले प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. जाबदाराने ते चार आठवड्यांत द्यावे. त्यासाठी दोनच तारखा मिळतील. त्यापुढे जाणीवपूर्वक टाळाटाळ झाली तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. प्रतिज्ञापत्रे आल्यावर चार ते सहा महिन्यांत आदेश व्हावा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय. हा शेवटचा भाग मोलाचा आहे, कारण त्यामुळे रखडवणाऱ्याच्या डोक्यावरची थकबाकी दरमहा वाढत जाते. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे सुरुवातीलाच जोडणाऱ्या अर्जदाराचे काम लवकर होते, हे कोणताही शिरस्तेदार सांगेल.

मुलाच्या भेटीचेही तसेच. खटला सुरू झाला तेव्हा दोन वर्षांचे असलेले मूल निकालाच्या दिवशी तिसरीत गेलेले असते. ज्या पालकाने मधली वर्षे फक्त मुख्य निकालाची वाट पाहिली, त्याला ते मूल ओळखतही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अंतरिम भेटीचा आदेश केव्हाही मागता येतो आणि तो मागायला उशीर करणे परवडत नाही.

सुनावणीलाच वेग द्यायचा असेल तर काही साधने आहेत. साक्षीपुराव्यासाठी कोर्ट आयुक्त नेमता येतो, म्हणजे उलटतपास कोर्टाच्या बोर्डावर अवलंबून राहत नाही. खर्च पक्षकारांवर पडतो, पण चार वर्षांच्या वकिली फीपेक्षा तो कमीच. दृकश्राव्य हजेरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सात महिन्यांत दोन वेगळ्या भूमिका घेतल्या. आधी मोकळीक, मग समेट फसल्यावर आणि दोघांच्या संमतीनेच. कोरोनाच्या काळाने हा वाद बराचसा मागे टाकला आणि आता परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून हजर राहणे सवयीचे झाले आहे. शेवटचा उपाय म्हणजे कलम २१ ब कडे बोट दाखवून उच्च न्यायालयात रिट अर्ज करणे आणि ठरावीक मुदतीत दावा संपवण्याचे निर्देश मिळवणे. असे निर्देश मिळतात, विशेषतः दावा जुना असेल आणि अर्जदाराने स्वतः तहकुब्या घेतलेल्या नसतील तर. त्यांनाही मुदतवाढी मिळतात, हा भाग वेगळा.

सगळ्यात मोठा प्रश्न कायदेमंडळाच्या दारात पडून आहे. लग्न मोडले आहे हे दोघांनाही आणि न्यायाधीशालाही दिसते, पण क्रूरता किंवा परित्याग सिद्ध होत नाही, तेव्हा काय करायचे? विवाह सावरण्यापलीकडे गेला आहे, एवढे कारण पुरेसे मानावे, असे विधी आयोगाने १९७८ च्या ७१ व्या आणि २००९ च्या २१७ व्या अहवालात सुचवले. २००६ मध्ये नवीन कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले. विधेयक आले, ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूरही केले, आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बारगळले. विरोधाला आधार होता : या कारणाने नवऱ्याला सहज सुटता येईल आणि ज्या बाईला ना घर ना उत्पन्न, ती रस्त्यावर येईल. विधेयकात आर्थिक हलाखीच्या कारणाने पत्नीला विरोध करण्याची तरतूद होती, तरी भीती गेली नाही. १ मे २०२३ रोजी शिल्पा शैलेश प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय स्वतः या कारणाने घटस्फोट देऊ शकते, असे ठरवले. सहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळचा विभक्तपणा हा एक विचारात घेण्याजोगा घटक. पण हा कोणाचा हक्क नाही, आणि कुटुंब न्यायालय किंवा उच्च न्यायालय हे करू शकत नाही. म्हणजे दिल्लीपर्यंत पोचण्याची ऐपत आणि दम असलेल्यालाच हा मार्ग. सांगलीच्या किंवा लातूरच्या पक्षकाराला त्याचा उपयोग शून्य.

इतर कायद्यांखाली चित्र थोडे बदलते. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यात संमतीच्या घटस्फोटाची सोय २००१ मध्येच आली, तीही दोन वर्षांच्या विभक्तपणाच्या अटीवर. पारशांचे दावे मुंबईत अजूनही ज्यूरीसारख्या पाच प्रतिनिधींसमोर चालतात, आणि ते न्यायालय सत्रांतच बसत असल्याने पुढच्या सत्राची वाट पाहणे हा तिथला खास विलंब आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातला १९१० चा घटस्फोटाचा कायदा चालतो. परदेशातल्या मराठी जोडप्यांसाठी तिथला हुकूमनामा लवकर मिळतो, पण १९९१ च्या नरसिंह राव निकालानुसार, दुसऱ्या बाजूने त्या कोर्टाचा अधिकार स्वखुशीने मान्य केलेला नसेल किंवा कारण इथल्या कायद्यात बसत नसेल, तर तो भारतात चालत नाही. घाईने न्यू जर्सीत घेतलेला घटस्फोट पुण्यात पुन्हा लढवावा लागल्याची उदाहरणे आहेत.

निकालानंतरही थोडी वाट उरते. लढवलेल्या दाव्यात अपिलाची मुदत नव्वद दिवस आहे; कुटुंब न्यायालय कायद्यात तीस दिवस लिहिलेले असले तरी हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना नव्वदच लागू, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ठरवले. ती मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झाल्यास ते फेटाळले जाईपर्यंत, दुसरे लग्न करू नये. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपीलच होत नाही, म्हणून तिथे ही वाट नाही. दोन्ही प्रकारांत विवाह नोंदणी कार्यालय, पासपोर्ट कार्यालय आणि बँक मागतात ती प्रमाणित नक्कल. तिचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. तो न दिल्यामुळे गेलेले दिवस कोणत्याही कोर्टाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.